घडविलेला मेद, लाभलेले रक्त

मेदाविषयी आपल्या भाषेत गौरवाचा शब्द सहसा आढळत नाही. माणूस उर्मट झाला की त्याच्या अंगात 'चरबी चढली' असे आपण म्हणतो. वैद्याकडे गेलो की मेद कमी करण्याचा उपदेश ऐकून परततो. रक्ताचे मात्र तसे नाही. रक्ताला आपण नात्याचे नाव दिले आहे, श्रमाला रक्ताचे पाणी करण्याची उपमा दिली आहे. परंतु जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाकडे वळले तर ही दोन्ही द्रव्ये एकाच पंक्तीला बसलेली दिसतात. यज्ञपशूची चरबी आणि रक्त, दोन्ही खाण्यास इस्राएल प्रजेला तेथे मनाई केलेली आहे. चरबी हा देहाचा उत्तम भाग म्हणून वेदीवर परमेश्वराचा आणि रक्तात प्राण आहे म्हणून तेही परमेश्वराचे. आपल्या आयुर्वेदानेही सप्तधातूंच्या गणनेत रस, रक्त, मांस यांच्या पाठोपाठ मेदाला मानाचे स्थान दिले आहे.

या दोन धातूंची गाठ आज एका नव्याच ठिकाणी पडली आहे. माणसाचा मेद प्रयोगशाळेत किंवा देहातच वाढवून त्याने हानी झालेला अवयव भरून काढावा, असा प्रयत्न गेली तीन दशके जगभर चालू आहे. मेदाच्या पेशी वाढविणे फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते त्या मेदात रक्तवाहिन्या उगवणे. हा प्रश्न वरवर केवळ शास्त्रज्ञांचा वाटतो. परंतु त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपणा श्रद्धावंतांचा आहे. मनुष्याच्या हातून मनुष्याचे मांस घडू लागले तर ते घडविलेले की लाभलेले? आणि ते कोणासाठी?

सांगली आणि मिरज यांच्या मधोमध वसलेल्या आमच्या विश्रामबागेत असा विषय दूरचा मानून चालत नाही. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशनचे इस्पितळ सुरू केले, तेव्हापासून या भागाला रोग्यांची रीघ ठाऊक आहे. कर्नाटकाच्या गावांतून, जतच्या माळावरून, कोकणच्या घाटांवरून माणसे येथे येतात आणि आपले दुखणे शहराच्या स्वाधीन करतात. त्यांत स्तनाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या भगिनी असतात, चुलीच्या भडक्यात भाजलेल्या सुना असतात, अपघातात चेहऱ्याचा भाग गमावलेली तरुण मुले असतात. शस्त्रक्रिया होते, जीव वाचतो आणि देहात एक पोकळी राहते. त्या पोकळीविषयी घरात कोणी बोलत नाही. "जीव वाचला हे काय थोडे झाले?" असे म्हटले जाते आणि ते खरेही असते. पण जिचा देह आहे तिला आरसा रोज भेटत असतो.

या पोकळीवर आज दोन मुख्य उपाय आहेत. एक सिलिकॉनचा कृत्रिम भराव. तो परका राहतो आणि काही वर्षांनी बदलावाही लागू शकतो. दुसरा, पोटाचा किंवा पाठीचा मांसल भाग त्याच्या रक्तवाहिन्यांसह हलवून छातीवर बसविणे. त्यासाठी दुसऱ्या ठिकाणी नवी जखम करावी लागते. म्हणून तिसरा विचार पुढे आला: रुग्णाच्याच थोड्याशा मेदपेशी घ्याव्यात, त्यांना आधार द्यावा आणि हवा तेवढा मेद वाढू द्यावा.

येथेच रक्ताचा अडसर उभा राहतो. देहातील पेशीला प्राणवायू मिळतो तो केशवाहिनीतून झिरपून, आणि हे झिरपणे सुमारे १०० ते २०० मायक्रॉनपर्यंतच पोहोचते. १०० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा, एखाद्या जाड केसाएवढे अंतर. निरोगी मेदात जवळजवळ प्रत्येक पेशीच्या कडेला एक केशवाहिनी असते. कृष्णाकाठच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हैसाळला नदीचे पाणी उपसले, पंपांनी टप्प्याटप्प्याने चढविले, कालव्यात सोडले, तरी कवठे महांकाळ किंवा जत तालुक्यातील शेतकऱ्याचे पीक तगते ते पोटकालव्याने, चारीने आणि शेवटी वाफ्यात शिरणाऱ्या पाटाने. पाट जेथे संपतो त्यापुढे दोन हात ओल जाते. मग जमीन कोरडी. मुठीएवढा मेदाचा गोळा तयार केला आणि त्यात पाट नसले, तर कडेचा पातळ थर जगतो, आतला सारा मरतो. मेलेल्या मेदाचे तेल होते, त्याच्या गाठी होतात. १८९३ साली जर्मन शल्यविशारद गुस्ताव नॉयबर यांनी दंडातील मेदाचे तुकडे चेहऱ्यावरील खोलगट व्रणात भरले. लहान तुकडे टिकतात, मोठे टिकत नाहीत, हा अनुभव तेव्हाच आला होता.

परंतु याही आधी, आपल्याच मुलखात, हे गूढ एका कारागिराच्या हाताला उमगलेले होते. ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझिन' या लंडनच्या मासिकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तान्त छापून आला. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. सुमारे वर्षभराने विटा भाजणाऱ्या, म्हणजे कुंभार जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मेणाचा पत्रा नाकाच्या आकाराचा करून तो कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने कातडी कापली आणि ती खाली वळवून नाकाच्या जागी बसविली. मात्र दोन भुवयांमधला एक चिंचोळा पट्टा त्याने कापला नाही. त्या पट्ट्यातून रक्त येत राहिले. नवी जागा कातडीला आपले रक्त देऊ लागेपर्यंत, सुमारे पंचवीस दिवस, तो पूल तसाच ठेवला आणि मगच तोडला. सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या परंपरेची ही शाखा होती. या वृत्तान्ताने प्रभावित होऊन १८१४ साली लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी हीच शस्त्रक्रिया केली आणि तेथून ती युरोपभर पसरली.

त्या कुंभाराला केशवाहिनी हा शब्द ठाऊक नव्हता, प्राणवायूचे तर बोलणेच नको. परंतु जे जोडावयाचे आहे ते जुन्या जीवनापासून घाईने तोडू नये, नव्या जीवनाशी नाते जुळेपर्यंत थांबावे, एवढे त्याने जाणले होते. आजचे सारे शास्त्र त्या चिंचोळ्या पट्ट्याच्या शोधातच आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९९३ साली रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहून ऊती-अभियांत्रिकी ही नवी शाखा जगापुढे मांडली. विरघळणाऱ्या द्रव्याचा सांगाडा करावा, त्यावर पेशी पेराव्यात आणि सांगाडा विरेपर्यंत तेथे जिवंत ऊती तयार व्हावी, ही कल्पना. १९९७ मध्ये पाठीवर माणसाच्या कानासारखा आकार घेऊन फिरणाऱ्या उंदराचे छायाचित्र जगभर गाजले. अनेकांना किळस आली, अनेकांना भीती वाटली. पण त्या कानाविषयी एक गोष्ट फारशी कोणी सांगितली नाही. तो कूर्चेचा होता आणि कूर्चेत मुळात रक्तवाहिन्या नसतात. जेथे रक्ताची गरज अल्प, तेथे मनुष्याला लवकर यश आले. मेदाच्या दाराशी मात्र तो अडला.

२००१ साली पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की शस्त्रक्रियेत शोषून काढलेल्या, एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या मानवी मेदात मूलपेशी असतात. त्यांतून मेद, हाड, कूर्चा तयार होऊ शकतात. त्यानंतर रक्तवाहिन्यांसाठी नाना वाटा शोधण्यात आल्या. त्यांतील एक तर आम्हा ऊसवाल्यांना कौतुकाची वाटावी अशी. २०१२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉर्डन मिलर, ख्रिस्तोफर चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखरेच्या पाकापासून बारीक काड्यांची जाळी छापली, तिच्याभोवती पेशींनी भरलेला मऊ रस ओतला आणि मग साखर विरघळवून टाकली. जेथे साखर होती तेथे नळ्या उरल्या. त्या नळ्यांना रक्तवाहिनीच्या आतल्या स्तराच्या पेशींनी अस्तर लावले. दुसऱ्या काही प्रयोगांत या अस्तराच्या पेशी मेदाच्या मूलपेशींबरोबर नुसत्या मिसळून ठेवल्या. त्यांनी आपण होऊन हातात हात घातले आणि सूक्ष्म नळ्यांचे जाळे विणले. अशी ऊती प्राण्याच्या देहात ठेवली की देहातील वाहिन्या बाहेरून आत येतात, आतल्या नळ्या बाहेर डोकावतात आणि कोठेतरी मध्येच दोहोंची तोंडे जुळून रक्त वाहू लागते.

तिसरी वाट ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरातली. तेथे १८९३ साली सिस्टर्स ऑफ चॅरिटी या धर्मभगिनींनी सेंट व्हिन्सेंट इस्पितळ सुरू केले. त्याच्या आवारात सूक्ष्मशल्यक्रियेची एक संशोधन संस्था वाढली. तेथील वेन मॉरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तन काढलेल्या पाच स्त्रियांवर केलेल्या प्रयोगाचा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यांनी बाहेर काहीच घडविले नाही. छातीच्या कातडीखाली छिद्रे असलेला एक पोकळ घुमट बसविला आणि त्यात रुग्णेच्याच मेदाचा लहानसा तुकडा त्याच्या रोहिणीशी जोडलेला ठेवून दिला. आता जागा आहे, रक्त आहे. मेदाने वाढावे, ही अपेक्षा. पाचांपैकी एकीच्या बाबतीत मेद लक्षणीय वाढला. उरलेल्या चौघींच्या बाबतीत हवा तसा वाढला नाही. शास्त्रज्ञांनी हे दोन्ही प्रामाणिकपणे नोंदविले.

या तिन्ही वाटांकडे पाहताना एक गोष्ट आमच्या मनात ठसते. मनुष्य सांगाडा करू शकतो, पेशी पेरू शकतो, पोकळी राखू शकतो, वाट मोकळी करू शकतो. परंतु वाहणारे रक्त त्याला त्या जिवंत देहाकडूनच घ्यावे लागते. तासगावच्या मळ्यांत द्राक्षाचे कलम बांधणाऱ्याला हे रोजच्या अनुभवाने कळते. जंगली जातीच्या काटक खुंटावर तो आपल्या वाणाची काडी बसवितो, घट्ट पट्टी बांधतो आणि वाट पाहतो. त्याची चाकूवरची हुकमत कितीही असो, खुंटाचा रस काडीत चढला तरच डोळा फुटतो. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांना द्राक्षवेल आणि फांद्या यांचा दाखला दिला, तो याच सत्याचा. जोडलेली फांदी जगते; तोडलेली, कितीही सुबक असली तरी, सुकते. यहेज्केल संदेष्ट्याने पाहिलेल्या खोऱ्यातही हाडे जुळली, स्नायू आले, मांस चढले, कातडी पसरली, तरी ती शरीरे उठून उभी राहिली नाहीत. श्वास बाहेरून यावा लागला.

काही श्रद्धाळू माणसे विचारतात, मनुष्याने असे करणे म्हणजे विश्वामित्राप्रमाणे प्रतिसृष्टी उभारणे नव्हे काय? देवाचे काम आपल्या हाती घेणे नव्हे काय? त्यांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. देहाला कच्चा माल मानण्याची वृत्ती आज खरोखरच बळावत आहे. परंतु आमच्या मते या विशिष्ट कामाने मनुष्याचा अहंकार वाढण्याऐवजी त्याला नम्र होण्याचेच शिक्षण मिळते. ज्याला पाऊलभर पुढे जाण्यासाठी देहाच्या संमतीची वाट पाहावी लागते, तो निर्माता नव्हे, सेवक आहे. माळी झाडाचा शत्रू नसतो, तसा वैद्य निर्मात्याचा प्रतिस्पर्धी नसतो. ख्रिस्तसभेने देहाला कधी तुच्छ लेखले नाही. प्रेषितांच्या श्रद्धासूत्रात आपण केवळ आत्म्याच्या अमरत्वावर थांबत नाही, देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास प्रकट करतो. संत थॉमस अक्वायनस यांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रावरील भाष्यात स्पष्ट केले आहे की केवळ आत्मा म्हणजे संपूर्ण माणूस नव्हे. मग देहातील पोकळी भरू पाहणारा हात देवाच्या विरोधात आहे असे कसे म्हणावे?

तरीही प्रत्येक हात निर्दोष नसतो. म्हणून येथे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. पेशी कोठून आल्या? हेतू कोणता? आणि लाभ कोठवर पोहोचणार?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेने निःसंदिग्धपणे दिले आहे. मूलपेशी मिळविण्यासाठी मानवी भ्रूण नष्ट करणे, मग हेतू कितीही उदात्त असो, तिला मान्य नाही. एका असहाय जीवाचा अंत करून दुसऱ्याचे आरोग्य साधणे हा उपचार नव्हे. २९ ऑगस्ट २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी अवयवरोपण-तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे बोलताना अवयवदानाचा गौरव केला, अवयवांच्या विक्रीचा निषेध केला आणि भ्रूणांऐवजी प्रौढ देहातील पेशींच्या मार्गाने जाण्याचे आवाहन केले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'डिग्निटास पर्सोने' या बोधपत्रातही हाच निकष आहे: ज्याच्याकडून पेशी घेतल्या त्याची गंभीर हानी होत नसेल तर मार्ग वैध. या कसोटीवर मेदाची वाट निर्मळ ठरते. येथे दाता आणि घेणारा एकच. जे द्रव्य केराच्या बादलीत जाणार होते त्यातून तिचीच उणीव भरून निघते. बांधणाऱ्यांनी नाकारलेल्या दगडाची आठवण व्हावी असे हे आहे.

दुसरा प्रश्न हेतूचा, आणि तो अधिक नाजूक. हेच तंत्र उद्या निरोगी देहाला बाजारू सौंदर्याच्या साच्यात ओतण्यासाठी वापरले जाईल, यात शंका नाही. मग कर्करोगातून उठलेल्या स्त्रीची इच्छा आणि केवळ हौस यांत फरक कोठे? ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, म्हणजे आपल्या मृत्यूच्या अवघे पाच दिवस आधी, पोप बारावे पायस यांनी इटलीतील प्लॅस्टिक सर्जनांच्या परिषदेपुढे या प्रश्नाचा ऊहापोह केला होता. शारीरिक सौंदर्य हे देवाचे देणे आहे, परंतु सर्वोच्च मूल्य नव्हे. ते सुधारणारी शस्त्रक्रिया स्वतः पापही नाही आणि पुण्यही नाही. तिचा नैतिक निवाडा हेतू आणि परिस्थिती यांवरून करावा, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. पुनर्रचनेची आस धरणारी भगिनी बहुधा कोणाला मोहविण्याचा विचार करीत नसते. तिला पदर सारखा न करता चारचौघांत वावरायचे असते, बाळाला पोटाशी धरताना बुजायचे नसते. याला चोचले म्हणणे हा अन्याय आहे.

या संदर्भात संत आगाथेचे स्मरण व्हावे. तिसऱ्या शतकात सिसिलीतील कातानिया येथे या कुमारिकेने हौतात्म्य पत्करले. तिचे स्तन कापण्यात आले, असे परंपरा सांगते. त्याच परंपरेत पुढे असेही सांगितले आहे की रात्री संत पेत्र तिच्या कोठडीत आले आणि तिच्या जखमा बऱ्या झाल्या. ५ फेब्रुवारीला आपण तिचा सण पाळतो. स्तनाच्या विकाराने पीडित स्त्रिया तिचा धावा करतात. ज्या ख्रिस्ती समाजाने शतकानुशतके ही कथा जपली, त्याने त्या अंगाला लज्जास्पद किंवा निरर्थक मानले नव्हते. ते पुन्हा लाभावे, ही इच्छा त्याला संतपणाशी विसंगत वाटली नाही.

आणि तरी याची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. पुनरुत्थित प्रभूने आपल्या गौरवी देहावर खिळ्यांचे व्रण तसेच ठेवले. थोमाला त्याने ते दाखविले. यावरून व्रणासह असलेला देह अपुरा नसतो, हे आपण शिकावे. एखादी भगिनी म्हणेल, मला पुन्हा शस्त्रक्रिया नको, मी आहे तशी ठीक आहे. तिचेही म्हणणे तितकेच ग्राह्य आहे. पुनर्रचना हा हक्क असावा, कर्तव्य होऊ नये. नवे तंत्र आले की ते न घेणारा मागासलेला ठरतो. हा जुलूम विज्ञान करीत नाही, आपण करतो.

हेतूच्या प्रश्नाशी आणखी एक गोष्ट निगडित आहे, ती मर्यादेची. १९७१ साली बॉस्टनचे शल्यविशारद जूडा फोकमन यांनी असे प्रतिपादन केले की कर्करोगाची गाठदेखील स्वतःकडे रक्तवाहिन्या ओढून घेतल्याशिवाय मोठी होऊ शकत नाही. पुढे १९८९ मध्ये वाहिन्यांना वाढीचा संकेत देणारे एक प्रथिन ओळखले गेले आणि ते रोखणारे औषध २००४ साली अमेरिकेत कर्करोगावर मान्य झाले. म्हणजे जो संकेत नव्या मेदाला रक्त मिळवून देतो, तोच संकेत लपून राहिलेल्या कर्करोगाच्या पेशीलाही अन्न पुरवू शकेल. तो अति झाला तर वाहिन्या गळक्या आणि वेड्यावाकड्या होतात. वाढ ही स्वतः चांगली नाही किंवा वाईट नाही. ती संपूर्ण देहाच्या हितात राहते की स्वतःपुरती फोफावते, यावर सारे अवलंबून. जी गाठ सर्वांचे रक्त ओढते आणि कोणाला काही देत नाही तिला आपण रोग म्हणतो. हे केवळ पेशींनाच लागू आहे असे नाही.

म्हणून येथे धीर हा सद्गुणच नव्हे, सुरक्षिततेचा नियमही आहे. आपल्याकडे 'स्टेम सेल' या दोन शब्दांच्या पाटीखाली गुडघ्यापासून मतिमंदत्वापर्यंत सर्व काही बरे करण्याची आश्वासने विकली जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांवरील मान्य उपचार सोडले तर मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीच्या चौकटीतच करावयाचा आहे, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेणे हे नीतीला धरून नाही. मेलबर्नच्या पाच स्त्रियांचा अनुभव ध्यानी ठेवावा. दागिने गहाण टाकून आशा विकत घेण्याआधी कुटुंबाने एवढे विचारावे: ही चाचणी आहे की उपचार? कोणी मंजूर केली? अपयश आले तर ते नोंदविले जाईल काय?

तिसरा प्रश्न लाभ कोठवर पोहोचणार याचा. येथे आम्हांस पुन्हा कालव्याकडे वळावे लागते. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेताला पाणी मिळते. शेपटाकडचा शेतकरी आभाळाकडे पाहतो. वैद्यकाचेही असेच होते. ज्या ऊसतोड भगिनी हंगामात पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर राबण्यासाठी येतात, त्यांच्यापैकी बीड जिल्ह्यातील अनेकींची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ साली उघडकीस आले. चौकशीसाठी राज्य शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. कामाचा दिवस बुडू नये, दंड भरावा लागू नये, म्हणून तरुण स्त्रिया आपला अवयव गमावून बसतात, हे आपल्या भूमीतले वास्तव. एकीकडे अवयव वाढविण्याची विद्या, दुसरीकडे असलेला अवयव राखण्याची ऐपत नाही. या दोन टोकांमध्ये वाहिनी कोण जोडणार? जी विद्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचण्याचा विचारच करीत नाही, ती कितीही विलक्षण असली तरी तिच्यात मध्यभागी काहीतरी मेलेले असते.

सर्व उपाय सर्वांना आजच मिळावेत, अशी मागणी भाबडी ठरेल. मेदात वाहिन्या उगवण्याचे शास्त्र अजून प्रयोगावस्थेतच आहे. परंतु स्तनातील गाठ वेळेवर दाखविणे, तपासणीला सोबत जाणे, रक्तपेढीत वर्षातून दोनदा रक्त देणे, भाजलेल्या मुलीला शाळेत पुन्हा बसविणे, यांसाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ च्या मानवी दुःखावरील प्रेषितीय पत्रात दयाळू शोमरोनीच्या दाखल्याकडे लक्ष वेधले होते. दुसऱ्याचे दुःख पाहून थांबणे, ही प्रेमाची पहिली पायरी. आपल्या धर्मग्रामात शस्त्रक्रियेनंतर मिस्साला येणे सोडून दिलेली एखादी भगिनी असेल. तिच्यापर्यंत कोण पोहोचते? तिला सांत्वनाचे प्रवचन नको असते. कोणीतरी येऊन शेजारी बसावे, घरातले पाणी भरावे, रविवारी सोबत चालावे, एवढे तिला पुरते.

संत पौलाने करिंथ येथील भांडखोर ख्रिस्ती मंडळीला देह आणि अवयव यांचे रूपक सांगताना एक विलक्षण गोष्ट लिहिली. देहाचे जे अवयव आपणांस दुबळे वाटतात तेच आवश्यक असतात आणि ज्यांना आपण कमी मानाचे समजतो त्यांना अधिक मान देऊन झाकतो. त्याला केशवाहिन्यांचे शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु दुर्लक्षित मेदालाही पेशीगणिक रक्त पोहोचवणारा देह, आणि आपल्या शेवटच्या सदस्यापर्यंत पोहोचणारी ख्रिस्तसभा, यांचे कायदे वेगळे नाहीत. मेद घडविता येईल. उद्या त्याहून अवघडही काही घडविता येईल. रक्त मात्र प्रत्येकाला कोणाकडून तरी लाभावे लागते. ज्यांना ते लाभले आहे त्यांनी ते पुढे वाहू द्यावे, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित आहे.